न दुखणारी गाठ



घर सोडून वसतिगृहात राहायला जाणाऱ्या मुलाला पैसे, जेवण आणि संगत यांविषयी वडीलधारी मंडळी भरभरून सांगतात. वृषणांविषयी मात्र घरात कोणी तोंड उघडत नाही, म्हणून या पत्रात तोच विषय आडपडदा न ठेवता मांडला आहे. वृषण म्हणजे शुक्राणू आणि पुरुषी संप्रेरक तयार करणाऱ्या दोन ग्रंथी. त्या कातडीच्या ज्या पिशवीत असतात तिला वृषणकोश म्हणतात. त्यांचा कर्करोग भारतात विरळ असून वर्षाला लाख पुरुषांत एकालाही तो होत नाही. परंतु बहुतेक कर्करोग उतारवयात गाठतात, तर हा प्रामुख्याने १५ ते ३५ या वयातल्या तरुणांना गाठतो, त्यामुळे ‘एवढ्या लहान वयात कसला कॅन्सर’ हा दिलासा इथे उपयोगाचा नाही.

सगळी फसगत होते ती वेदनेच्या अपेक्षेमुळे. या रोगाची सुरुवात बहुधा एका वृषणावर हाताला लागणाऱ्या, वाटाण्याएवढ्या, टणक आणि न दुखणाऱ्या गाठीने होते. कधी गाठ वेगळी जाणवत नाही, पण एक वृषण हळूहळू मोठा, कडक किंवा जड होत जातो, अथवा ओटीपोटात आणि जांघेत मंद ठणका राहतो. दुखत नाही म्हणून तरुण गप्प बसतो, लाज वाटते म्हणून आणखी काही महिने गप्प बसतो, आणि तेवढ्या अवधीत रोग पोटामागच्या लसिकाग्रंथींत, म्हणजे शरीरातील पाझर गाळणाऱ्या लहान गाठींत, पोहोचून पाठदुखीच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. पुढे तो फुफ्फुसांत गेला तर खोकला आणि धाप लागते. काही गाठी गर्भारपणाच्या चाचणीत शोधले जाणारे संप्रेरकच रक्तात सोडतात, त्यामुळे मुलाची छाती दुखरी होते किंवा वाढते, आणि ती थट्टेचा विषय ठरते. ती थट्टा सोसत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवणे बरे.

प्रत्येक सूज कर्करोगाची नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. वृषणाभोवती पाणी साठून होणारी अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसील, पूर्व विदर्भातील गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या हत्तीरोगाच्या पट्ट्यात घरोघर ठाऊक आहे, आणि नेमक्या याच ओळखीमुळे ‘पाणी भरलं असेल’ असे परस्पर ठरवले जाते. वास्तविक कर्करोगाच्या गाठीभोवतीही पाणी साठू शकते, म्हणून सोनोग्राफी केल्याशिवाय निकाल देऊ नये. ताप आणि लघवीची जळजळ यांसह आलेली सूज बहुधा जंतुसंसर्गाची असते, मात्र औषधाचा कोर्स संपूनही ती राहिली तर पुन्हा तपासणी हवी. अचानक असह्य कळ आली तर वृषणाला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, आणि तो वाचवायला साधारण ६ तासांचाच अवधी असतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता रात्रीच इस्पितळ गाठावे.

लक्षणे नसलेल्या पुरुषांची सरसकट तपासणी करू नये, असे अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०११ साली सांगितले, त्यामुळे रोज धास्तीने चाचपणी करण्याचे कारण नाही. तरी आपले शरीर नेहमी कसे असते याची ओळख असावी. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर कातडी सैल पडते, त्या वेळी अंगठा आणि बोटे यांत प्रत्येक वृषण अलगद फिरवून पाहावा. एक थोडा मोठा किंवा खाली असणे स्वाभाविक आहे, आणि मागच्या बाजूस लागणारी मऊ, दोरीसारखी रचना म्हणजे शुक्राणू साठवणारी अधिवृषण नलिका, गाठ नव्हे. लहानपणी ज्याचा वृषण वेळेवर पिशवीत उतरला नव्हता, किंवा ज्याच्या वडिलांना अथवा भावाला हा रोग झाला होता, त्याने अधिक जागरूक राहावे. वृषण शस्त्रक्रियेने खाली आणला असला तरी धोका कमी होतो, संपत नाही.

हा रोग जननपेशींतून, म्हणजे शुक्राणूंच्या पूर्वज पेशींतून उद्भवतो, आणि तशाच पेशींची गाठ क्वचित छातीतही होते. क्रिकेटपटू युवराज सिंग २०११चा विश्वचषक खोकला आणि उलट्या सोसत खेळला, त्यामागे दोन फुफ्फुसांमधली अशीच गाठ होती. त्याच्यावर पुढल्या वर्षी ज्यांच्याकडे उपचार झाले, त्या इंडियाना विद्यापीठातील डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनीच १९७४ साली सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमयुक्त औषध इतर दोन औषधांसह पसरलेल्या वृषणकर्करोगावर वापरले होते, आणि ज्या अवस्थेत बहुतेक तरुण दगावत, त्याच अवस्थेतले बहुतेक बरे होऊ लागले. रोग वृषणापुरताच असताना सापडला तर जवळजवळ सगळेच बरे होतात.

गाठ लागल्यास मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. सोनोग्राफी आणि रक्तातील कर्करोगाच्या खुणांच्या चाचण्या एक-दोन दिवसांत होतात. संशय पक्का असेल तर वृषणकोशातून सुई घालून तुकडा घेत नाहीत, कारण त्याने रोग पसरण्याची भीती असते. जांघेत छेद देऊन तो वृषणच काढतात. उरलेला एक निरोगी वृषण संप्रेरकाला आणि पितृत्वाला बहुधा पुरतो, तथापि उपचारांपूर्वी शुक्राणू गोठवून ठेवण्याविषयी डॉक्टर आपणहून बोलले नाहीत, तर रुग्णाने स्वतः विचारावे.