परीक्षेच्या आधी पाठ केलेले वचन

शास्त्रपाठ : मत्तय ४:१–११. मुखपाठ : १ करिंथ १०:१३.

यार्देनेत बाप्तिस्मा घेऊन प्रभू वर आला आणि लागलीच त्याला अरण्यात परीक्षेला तोंड द्यावे लागले. म्हणून मोह आला की देवाने आपणांस टाकिले, असे कोणी समजू नये. मोह होणे पाप नव्हे; त्यास वश होणे हे पाप होय.

१. भाकरीची परीक्षा (३, ४). चाळीस दिवसांच्या उपवासानंतर प्रभूला भूक लागली होती. भूक पाप नव्हे. पण सैतान खऱ्या गरजेच्या दारानेच आत शिरतो. घरात दाणा नसता कोणी म्हणतो, "एवढी एक खोटी साक्ष दे, पायलीभर ज्वारी घालतो." तीच ही परीक्षा.

२. मंदिराच्या शिखरावरील परीक्षा (५–७). येथे सैतानही शास्त्रच बोलतो. तो ९१ व्या स्तोत्राचा आधार देतो, परंतु 'सर्व मार्गांत' राखण्याविषयीचे शब्द गाळितो. उडी टाकणे हा देवाने नेमिलेला मार्ग नव्हता. लेकरू तापाने फणफणत असता औषध नाकारून "देव असेल तर बरे करील" असे म्हणणे हा विश्वास नव्हे, ती शिखरावरील उडी होय.

३. नमनाची परीक्षा (८–१०). सैतान फार मागत नाही. एकदाच वाक म्हणतो. "एवढा नवस फेड, भाऊबंद राजी होतील, मग खुशाल प्रार्थनेस जा." प्रभूने त्याच्याशी वाद घातला नाही, त्यास घालवून दिले.

आता प्रभूची तिन्ही उत्तरे पाहा. ती अनुवाद ८:३, ६:१६ व ६:१३ यांतली आहेत. इस्राएल लोकांची अरण्यातली चाळीस वर्षे संपत आली तेव्हा मोशेने ती वचने त्यांना सांगितली. जेथे ते पडले, तेथे प्रभू उभा राहिला. भुकेच्या घटकेस त्याने वचन शोधिले नाही. अंतःकरणात साठविलेले तेच मुखी आले.

ज्यांस वाचता येत नाही तेही यास्तव निःशस्त्र नाहीत. घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता मुलांस वचने शिकवावी, अशी आज्ञा आहे (अनुवाद ६:७). उपदेशकांस आमची विनंती आहे की, दर आठवड्यास एक वचन मंडळीकडून पाठ करवावे, आणि अर्थही समजावून द्यावा. कारण नुसते शब्द सैतानासही पाठ आहेत. तो प्रभूला काही काळच सोडून गेला (लूक ४:१३), हे जिंकलेल्यांनीही विसरू नये.

प्रश्न : १. या आठवड्यात कोणत्या गरजेच्या दाराने मोह आला? २. त्या घटकेस कोणते वचन आपल्या मुखी होते? ३. घरातल्या लेकरांस आज कोणते शिकवाल?