छपरावरील नळी आणि तिची जाळी



‘माझे घर’ या विषयावरील निबंध आम्ही वर्षानुवर्षे तपासत आलो आहोत. त्यांत अंगण असते, तुळशीवृंदावन असते, परसातली विहीर आणि माडही असतात. परंतु मागच्या भिंतीला धरून वर चढलेली व छपराच्याही वर डोके काढून उभी असलेली एक नळी मात्र कोणत्याही निबंधात आम्हांस अद्याप भेटलेली नाही. गवंडी तिला ‘व्हेंट पाईप’ म्हणतात. या लेखापुरते आपण तिला वायुनलिका म्हणू. या नळीच्या तोंडावर काय असावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे खरा. परंतु साऱ्या वाड्याच्या झोपेशी व आरोग्याशी त्याचा संबंध पोहोचतो.

प्रथम ही नळी तेथे कशासाठी उभी आहे, ते पाहू. आपल्या पेडणे तालुक्यात घरे वाड्यावाड्यांनी विखुरलेली आहेत. घरोघरचा मैला एकत्र वाहून नेणारी भूमिगत गटारे येथील बहुतेक गावांत नाहीत. म्हणून शौचालयाचे पाणी घरालगत पुरलेल्या टाकीत जाते व तेथून शोषखड्ड्यात मुरते. या टाकीस आपण सेप्टिक टँक म्हणतो. तिच्या अंधारात हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू मैल्याचे विघटन करीत असतात. या क्रियेतून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निर्माण होतात. मिथेन पेट घेणारा. हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारख्या वासाचा आणि विषारी. त्यांना मोकळ्या आकाशात नेऊन सोडणारी वाट म्हणजेच ही वायुनलिका होय.

ही वाट नसेल तर काय होईल? शौचालयाच्या भांड्याखाली नळी वाकवलेली असते व त्या वाकणात नेहमी थोडे पाणी साचून राहते. अशी वाकलेली नळी वापरून केलेल्या शौचकूपाचे एकस्व अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्ये मिळविले. हे पाणी म्हणजे जणू दारच आहे; मैला खाली जातो, पण दुर्गंधी वर येत नाही. मात्र हे दार नाजूक असते. टाकीतील वायूंना अन्य वाट नसेल, तर ते याच पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने घरात शिरतात. शिवाय हवेला मार्ग मिळाल्यावाचून पाणीही सुखाने वाहत नाही. याचा पडताळा घ्यावयाचा असेल, तर शहाळे पिण्याच्या नळीत पाणी ओढून तिचे वरचे टोक बोटाने दाबून धरा. पाणी आतच लटकून राहील. बोट उचलताच खाली पडेल.

हे ज्ञान आम्हांस पुस्तकातून प्राप्त झाले असे लिहावयास आवडले असते. परंतु खरी गोष्ट निराळी आहे. एका पावसाळ्यात, नळीत पाणी जाऊ नये म्हणून, आम्ही तिच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी सुतळीने घट्ट बांधली आणि मोठेच काम केल्याच्या समाधानात राहिलो. पंधरवडा उलटला नाही तोच शौचालयातून घुळघुळ आवाज येऊ लागला आणि घरात दुर्गंधी पसरली. आम्ही फिनेल ओतले. वास काही हटेना. अखेर गवंड्यास बोलावले. त्याने छपराकडे एकदाच पाहिले आणि हसून म्हटले, “मास्तर, घराचें नाक बांदून दवरल्यार तें उस्वास खंयच्यान घेतलें?” घराचे नाकच बांधून ठेवले, तर ते श्वास कोठून घेणार! पिशवी निघाली आणि एकदोन दिवसांत वासही गेला. पावसाचे चार थेंब नळीतून टाकीत गेले, तर काही बिघडत नाही, हेही त्या दिवशी आम्हांस कळले.

तेव्हा नळी उघडी ठेवावी, हे ठरले. पण येथेच दुसरी चूक दबा धरून बसलेली असते. जी वाट वायूस बाहेर पडावयास मोकळी, ती डासांसही ये-जा करावयास मोकळीच असते. क्युलेक्स जातीच्या डासाच्या मादीस घाण पाणी फार प्रिय. ती एका वेळी शंभर ते तीनशे अंडी पाण्यावर तराफ्यासारखी एकत्र जोडून घालते. त्यांतून निघालेली अळी शेपटाकडील नळी पाण्याच्या पृष्ठभागास लावून श्वास घेते, आणि उष्ण हवेत सुमारे दहा दिवसांत पंख फुटलेला डास होऊन बाहेर पडते. हाच डास रात्री चावतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो. हत्तीरोगाचा कृमी डासाच्या शरीरात वाढतो, हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली चीनमधील अमॉय येथे दाखवून दिले. एका घरच्या टाकीत जन्मलेला डास त्याच घरी राहतो असे नाही. तो शेजाऱ्याच्या पाळण्यापर्यंत जातो. उघडी नळी आपली असली, तरी तिचे फळ साऱ्या वाड्यास भोगावे लागते.

बंद करावी तर वायू कोंडतो, उघडी ठेवावी तर डास वाढतात. मग करावे काय? उत्तर जाळी हेच आहे. वारा तिच्यातून जातो, डास जात नाही. भारतीय मानक २४७० याच्या १९८५ च्या आवृत्तीत सेप्टिक टँकच्या वायुनलिकेचा व्यास निदान ५० मिलिमीटर असावा आणि तिच्या माथ्यावर डास-प्रतिबंधक जाळी असावी, असे स्पष्ट म्हटले आहे. टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असल्यास नळी छपराच्या वर सुमारे २ मीटर न्यावी, असेही त्यात सांगितले आहे.

जाळी लावलेल्या नळीचे सामर्थ्य आफ्रिका खंडातही कसोटीस उतरले आहे. आज झिंबाब्वे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशात, १९७० नंतरच्या दशकात, पीटर मॉर्गन या संशोधकाने खड्ड्याच्या दोन सारख्या शौचालयांची तुलना केली. एकास वायुनलिका होती, दुसऱ्यास नव्हती. ७८ दिवसांत नळी नसलेल्या शौचालयातून १३,९५३ माश्या पकडल्या गेल्या. नळी असलेल्यातून केवळ १४६. खड्ड्यातील माशी उजेडाकडे धाव घेते, नळीतून वर चढते, जाळीपाशी अडकते आणि तेथेच मरते. दुर्गंधी वाऱ्याबरोबर निघून जाते ती निराळीच!

आता आपल्या घराकडे वळू. जाळीची छिद्रे सुमारे दीड मिलिमीटरहून मोठी नसावीत. हरमल, मांद्रे, मोरजी अशा किनाऱ्यावरील गावांत खारा वारा साध्या लोखंडी तारेस लवकर गंजवितो. म्हणून तेथे नायलॉनची किंवा न गंजणाऱ्या पोलादाची जाळी घ्यावी. नायलॉनही उन्हाने कालांतराने जीर्ण होते, हे विसरू नये. बाजारातील प्लास्टिकच्या टोपीची भोके पुष्कळदा मोठी असतात. तिच्यावरही जाळी बांधणे इष्ट. पावसाळ्यापूर्वी कौले परतावयास माणूस छपरावर चढतो, त्याच दिवशी त्याच्याकडून जाळी तपासून घ्यावी आणि तिच्यावरील पालापाचोळा झाडून घ्यावा. टाकीच्या झाकणास फट असेल, तर ती सिमेंटने बुजवावी. नाहीतर माथ्यावर पहारा आणि पायथ्याशी दार उघडे, असे व्हावयाचे. ही कामे मोठ्यांनीच करावयाची आहेत. तुम्ही छपरावर चढू नये, टाकीचे झाकण उघडू नये आणि तिच्याजवळ विस्तव नेऊ नये.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ही जाळी म्हणजे सर्व तापांवरील कवच नव्हे. डेंगीचा डास बहुधा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, फुटक्या भांड्यांत व परसात टाकलेल्या करवंट्यांत वाढतो. शहरी हिवतापाचा डास उघड्या टाक्यांत व विहिरींत वाढतो. जाळी बांधून करवंट्या तशाच ठेवणारा मनुष्य अर्धेच काम करतो.

आज घरी गेल्यावर परसात उभे राहून एकवार वर पाहा. नळीच्या तोंडावर जाळी दिसली, तर वडिलांना धन्यवाद द्या. न दिसली, तर त्यांना हा लेख वाचून दाखवा. चार बोटे जाळीची किंमत ती किती! पण ती नसल्याने जागून काढाव्या लागणाऱ्या रात्री मात्र साऱ्या वाड्याच्या असतात.