आजारातून उठताना मनाचे बळ



ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की पहिले दोन-चार दिवस घर भरलेले असते. शहाळी येतात, फळे येतात, फोन वाजत राहतो. मग हळूहळू जो तो आपल्या कामाला लागतो. टाके सुकत असतात, रिपोर्टही चांगला आलेला असतो. पण दुपार सरता सरत नाही. 'आता माझा कोणाला काय उपयोग?' हा प्रश्न उशाशी येऊन बसतो. आजाऱ्यांच्या भेटीला जाताना आम्ही हे अनेक घरांत पाहिले आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांनी ते स्वतः सोसलेही आहे. शरीराला औषध मिळते. मनाला बळ कोठून मिळवायचे, याचा आज थोडा विचार करू या.

१. आधी भाकर आणि झोप

जुन्या करारात राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलिया संदेष्ट्याची हकिकत आहे. ईजबेल राणीच्या भीतीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला रागावून उठवले नाही, उपदेशही केला नाही. देवदूताने त्याला भाजलेली भाकर आणि पाणी दिले. एलियाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातले, तेव्हा कोठे तो होरेब डोंगराच्या लांबच्या वाटेला लागला.

आजारातून उठणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. वेळेवर जेवणे, झोपणे, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच चालणे, हा आळस नव्हे. प्रार्थनेत मन लागत नसेल तर तीही श्रद्धेची कमतरता नव्हे. थकलेल्या शरीरात मनही थकते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक उडाली, तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. देवदूत कधी कधी डॉक्टरांच्या रूपानेही येतो.

२. मनाचेही पथ्य

संत इग्नेशियस लोयोला यांचे नाव आपल्याला परिचित आहे. १५२१ साली, मे महिन्यात, स्पेनमधील पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. त्यांना लोयोलाच्या घरी आणले. हाड नीट बसले नव्हते म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. जूनच्या अखेरीस ते मरणाच्या दारात होते. त्यातून वाचले, तर हाडाचा एक भाग वर आलेला दिसू लागला. सरदारी थाटाचे बूट पायात नीट बसावेत म्हणून त्यांनी तोही कापून घेतला! इतके करूनही ते पुढे लंगडतच राहिले.

महिनोन् महिने अंथरुणात काढायचे होते. त्यांनी शूर सरदारांच्या कथांची पुस्तके मागितली. ती घरात नव्हती. मिळाली ती प्रभू ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांची चरित्रे. पडल्या पडल्या ते कधी पराक्रमाची आणि मानमरातबाची स्वप्ने रंगवत, कधी संतांसारखे जगण्याचा विचार करत. दोन्ही विचार चालू असताना गोडच वाटत. पण हळूहळू त्यांना एक फरक जाणवला. पहिले विचार ओसरले की मन कोरडे आणि असमाधानी राही. दुसरे ओसरले तरी शांती मागे उरे.

आजाऱ्याच्या मनाचे पथ्य ते हेच. विचाराची चव पाहू नये, तो मागे काय ठेवून जातो ते पाहावे. दुपारभर मोबाईल पाहिल्यावर मन कसे होते? कोणी कोणी भेटायला आले नाही याची उजळणी केल्यावर कसे होते? आणि शुभवर्तमानाच्या चार ओळी वाचल्यावर, जपमाळेचे एक दशक म्हटल्यावर कसे होते? ज्याने बळ येते ते थोडे थोडे वाढवावे, ज्याने खचायला होते ते कमी करावे. इग्नेशियस यांचा पाय पूर्वीसारखा झाला नाही, पण त्याच पलंगावर त्यांना नवे जीवन सापडले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्थापन केलेल्या येशूसंघाला १५४० साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली.

३. संस्काराचे बळ

'फादरांना तेल लावायला बोलावू नका, आजारी माणूस घाबरेल,' असे अजूनही काही घरांत म्हटले जाते. पूर्वी या संस्काराला अंत्याभ्यंग म्हणत, त्यामुळे ही भीती बसली. परंतु तो केवळ शेवटच्या घटकेचा संस्कार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले आहे. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनपूर्वी, वार्धक्याने शक्ती खालावली असता रुग्णाभ्यंग घेता येतो, आणि आजार बळावल्यास पुन्हाही घेता येतो. मन घट्ट व्हावे, शांती आणि धीर मिळावा म्हणूनच तो आहे.

आणखी दोन गोष्टी. आजारपणामुळे रविवारची मिस्सा चुकली तर ते पाप नव्हे. मनाला टोचणी लावून घेऊ नये. तसेच पवित्र कम्युनियनपूर्वी एक तास न खाण्याचा नियम आजाऱ्यांना, वृद्धांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना बंधनकारक नाही. गोळीसोबत बिस्कीट खाल्ले म्हणून कम्युनियन नाकारू नये.

घरच्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी

भेट थोडक्यात असावी. दुसऱ्यांच्या आजाराच्या कथा नकोत, 'देवाची परीक्षा आहे' असे सहज बोलणेही नको. जवळ बसावे, ऐकावे. महिन्याभराने, गर्दी ओसरल्यावर, पुन्हा जावे. आजाऱ्याला एखादे छोटे काम द्यावे: भाजी निवडणे, नातवंडांचा अभ्यास घेणे, कोणासाठी तरी प्रार्थना करणे. आपली अजून गरज आहे, हे कळले की माणूस अर्धा उठून बसतो.

या आठवड्यात

• माझ्या मनाला बळ देणारी एक आणि खचवणारी एक गोष्ट कोणती?
• आपल्या वाडीत महिन्याभरापूर्वी दवाखान्यातून घरी आलेले कोण आहे? मी केव्हा जाणार?

हे प्रभू, आम्हांला आजच्या दिवसापुरते बळ दे. उद्याचे उद्या पुन्हा मागू. आमेन.