सरकारं पडत होती तेव्हा

३० मे १९८७ला गोवा घटक राज्य झालं. त्यानंतर तीन वर्षांत सरकारं कोसळू लागली. १९९०मध्ये तीन मुख्यमंत्री झाले आणि डिसेंबरात राष्ट्रपती राजवट आली. एप्रिल १९९४मध्ये तर रवी नाईकांचं सरकार आठवडाभरही टिकलं नाही. सभागृह जेमतेम चाळीस आमदारांचं, आणि पक्षातले एक तृतीयांश फुटले तर पक्षांतरबंदी लागत नसे. तो काळ मी पणजीत, मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयात काढला. तिथं शिकलो ते असं:

१. टिप्पणीत कारण लिहा. नवा मंत्री आधी जुन्याच्या फाइली मागवतो. ‘मा. मंत्र्यांच्या इच्छेनुसार’ एवढंच लिहिलेली फाइल त्याच दिवशी उलटते. नियम, खर्च आणि गरज मांडलेली फाइल सहसा टिकते. तोंडी आदेश आला, तर त्याच दिवशी लेखी दुजोरा मागावा.

२. ३१ मार्च कुणासाठी थांबत नाही. १९९०मध्ये सरकार बदललं ते २७ मार्चला! विधिमंडळाची मंजुरी नसेल तर १ एप्रिलपासून कोषागार पैसे देऊ शकत नाही. म्हणून लेखानुदानाचे कागद फेब्रुवारीतच तयार ठेवावेत.

३. जाणाऱ्या मंत्र्याला ‘नाही’ म्हणू नये. शेवटच्या दिवसांत बदल्या आणि नेमणुकांच्या फाइली धावत येतात. वाद न घालता रिक्त पदाचा दाखला आणि वित्त खात्याची संमती मागावी. रास्त प्रस्ताव त्यातून पार पडतो, बाकीचे आपोआप मागे राहतात.

४. मुदत असलेलं काम आधी उरका. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली, आणि राज्यांना आपले कायदे जुळवायला वर्षभर मिळालं. १९९४मध्ये मुख्यमंत्री तीनदा बदलले, तरी गोव्याचा पंचायत राज कायदा त्याच वर्षी आला. असं काम कुठलंच सरकार अंगाबाहेर टाकू शकत नाही.

५. राष्ट्रपती राजवटीच्या मोहात पडू नका. फाइली भराभर हलतात, दालनाबाहेर गर्दी नसते, अधिकाऱ्यांना बरं वाटतं. पण नळाला पाणी नाही म्हणून आमदार जाब विचारायला येत नाही आणि विधानसभेत प्रश्न लागत नाही. मंत्री नसला की कामात अडथळा येत नाही हे खरं. चुकीच्या कामातही येत नाही.