जोडणीपूर्वीची खातरजमा

सरफोजी महाराजांच्या कारकिर्दीत, 1803 साली, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला. त्या शिलालेखावर आणि दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांवर एक माहितीपट चेन्नईत सिद्ध होत असता, त्याच्या अंतिम जोडणीचे काम वडपळणीतील एका संकलनकक्षात माझ्याकडे आले. शिलालेखाचा भाग एका संकलकाने, कीर्तनपरंपरेचा दुसऱ्याने आणि मुलाखतींचा तिसऱ्याने, असे तीन भाग तीन संगणकांवर स्वतंत्रपणे तयार झाले होते. ते एका प्रोजेक्टमध्ये आणणे म्हणजे एकापुढे एक मांडणे, असा निर्मात्यांचा समज होता आणि मुदतही त्याच हिशेबाने ठरली होती.

वस्तुतः प्रोजेक्टच्या फाइलीत चित्रे नसतातच. कोणत्या क्लिपचा कोणता अंश कोठून कोठवर दाखवावा याचा तो केवळ जाबता असतो, आणि मूळ चित्रे हार्ड डिस्कवरून नावानिशी बोलावली जातात. चेन्नईतील कोडंबाक्कमच्या संकलनकक्षांत पूर्वी फिल्मचे तुकडे हाताळले जात, तेव्हा फिल्मच्या कडेवर कारखान्यातच उमटलेले क्रमांक प्रत्येक तुकड्याची ओळख सांगत. आजचे पुष्कळ कॅमेरे मात्र नव्या कार्डावर पुन्हा पहिल्या क्रमांकापासून मोजू लागतात, आणि तीन डिस्कांवर एकाच नावाच्या तीन निराळ्या क्लिपा सहज नांदतात. जी क्लिप सापडत नाही तिच्या जागी संगणक तशी सूचना झळकवतो, आणि दिसणाऱ्या उणिवेचा बंदोबस्त करता येतो. खरे भय आहे ते नावाने जुळणाऱ्या, परंतु भलत्याच क्लिपेचे, जी कोणतीही इतल्ला न देता रिकाम्या जागी येऊन बसते.

आमच्या माहितीपटात नेमके तेच घडले. निवेदन शिलालेखातील एका उताऱ्याचे चालले होते आणि पडद्यावरून भिंतीचा दुसराच भाग सरकत होता; दगड तोच, अक्षरांचे वळण तेच, उजेडही तोच, त्यामुळे आम्हां कोणाच्याही नजरेस विसंगती आली नाही. तंजावरी मराठी घरात वाढलेल्या एका वृद्ध अभ्यासक बाईंना आम्ही कच्ची प्रत दाखवली, तेव्हा त्यांनी चित्र थांबवायला सांगितले आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही बोलता ते या ओळींत नाही.” त्यांची नजर नसती, तर इतिहासाचा खोटा पुरावा आमच्या हातून लोकांपुढे गेला असता.

म्हणून या कामास हात घालणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, चित्रीकरण डिस्कवर उतरवतानाच, संकलनास आरंभ होण्यापूर्वी, दिनांक, कॅमेरा आणि कार्ड यांचा निर्देश असलेले स्वतंत्र नाव प्रत्येक क्लिपेस द्यावे. संकलन झाल्यावर नावे बदलल्यास जुने दुवे तुटतात. सर्व संकलकांनी सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती वापरावी, कारण नव्या आवृत्तीतील प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही. फ्रेमचा वेगही आधीच ठरवावा. सेकंदाला 24 फ्रेमचा भाग 25 च्या टाइमलाइनवर तसाच ठेवला, तर दर सेकंदास एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, आणि भिंतीवरून संथपणे सरकणारा कॅमेरा ठेच लागल्यासारखा अडखळतो.

जोडणी नेहमी नव्या, रिकाम्या प्रोजेक्टमध्ये करावी, मूळ प्रोजेक्टांना हात लावू नये, आणि प्रत्येकातून अंतिम टाइमलाइन तेवढी आणून स्वतंत्र फोल्डरात ठेवावी. जुने मसुदेही ओढून आणले तर कोणता पाठ प्रमाण, याचाच घोळ होतो. मात्र सर्वांत मोलाची तजवीज निराळीच आहे. प्रत्येक संकलकाकडून त्याच्या मंजूर भागाची संपूर्ण व्हिडिओ प्रत आधीच मागून घ्यावी, ती जोडलेल्या टाइमलाइनवर नेमकी जुळवून ठेवावी आणि दोहोंतील फरक दाखवणारा ‘डिफरन्स’ मोड लावावा. दोन्ही चित्रे एक असतील तेथे पडदा काळा राहतो. एखादी भलती क्लिप आली असेल, तर तिच्या आकृती लगेच उमटतात.

या तपासणीस लागणारा वेळ निर्मात्यांकडून आरंभीच लेखी मागून घ्यावा, आणि मुदत कितीही जवळ आली तरी तो सोडू नये. कारण प्रेक्षक पडद्यावरील अक्षरांवर विश्वास ठेवतो, तो त्यांच्यामागे कोणीतरी अशी खातरजमा केली आहे या भरवशावरच.