छातीत कळ यायच्या आधी करायची कामं

पोरांनो, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे म्हटलं की आपल्या बेळगावच्या वडगावात पहिला प्रश्न निघतो, "चांगला डॉक्टर कोण?" मी सांगतो, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, "आपलं कार्ड हृदयाच्या उपचाराला कुठल्या हॉस्पिटलात चालतं?" सरकारी योजना डॉक्टरला जोडलेली नसते, हॉस्पिटलला जोडलेली असते, आणि तीही विभागवार. एखाद्या ठिकाणी हाडांच्या ऑपरेशनला योजना चालते, हृदयाला चालत नाही. नावाजलेला डॉक्टर संध्याकाळी स्वतःच्या क्लिनिकात फी घेऊन तपासतो आणि तोच दुसरीकडं योजनेतून ॲन्जिओप्लास्टी करतो, असंही असतं. म्हणून सरळ विचारा, "डॉक्टर, योजनेची केस तुम्ही कुठं घेता?" यात लाजायचं काही कारण नाही. तो तुमचा हक्क आहे.

आपलं कार्ड कुठलं, ते ओळखा. कर्नाटकात 2018 पासून 'आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक' ही एकत्र योजना आहे. बीपीएल रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार मोफत. एपीएल असाल तर सरकार पॅकेजच्या दराच्या 30 टक्के भरतं, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. बाकीचे तुम्ही भरायचे. उद्यमबागेत फौंड्रीत किंवा कारखान्यात कामाला असाल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर तुमची वाट वेगळी. आधी ईएसआय दवाखान्यात जायचं आणि तिथून चिठ्ठी घेऊन पुढं. त्यात बायकामुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सहकारी सोसायटीचे सभासद असाल तर यशस्विनी योजनेची चौकशी करा. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्रानं 2024 च्या ऑक्टोबरात उत्पन्नाची अट न घालता वय वंदना कार्ड काढलं, त्याचीही विचारणा काउंटरवर करा. शाळेतल्या पोराच्या हृदयाला छिद्र निघालं तर घाबरून जमीन विकायला काढू नका, शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाकडून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नाव घाला.

नावं जुळवा. आपल्या सीमाभागातली ही खरी अडचण. शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडात, आधार इंग्रजीत. ज्ञानेश्वर हे नाव आपण इंग्रजीत 'डी'नं सुरू करतो, कन्नड टाइप करणारा 'जे'नं करतो. मशीनला ही दोन माणसं वाटतात आणि ई-केवायसी अडकते. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर राहिलेलं असतं, नातवाचं कुठंच चढवलेलं नसतं. पेशंट ॲडमिट असताना हे दुरुस्त करायला निघालात तर तालुका कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. माणूस ठणठणीत असताना हे काम उरकून ठेवा.

सरकारी दवाखाना टाळू नका. आपल्याकडं योजनेची रीत अशी, की इमर्जन्सी नसेल तर आधी सरकारी दवाखाना. तिथं तो उपचार होत नसेल तर ते रेफरल चिठ्ठी देतात आणि ती घेऊन योजनेतल्या खासगी हॉस्पिटलात जायचं. म्हणजे आपल्या नागरी आरोग्य केंद्रातून सिव्हिलला, आणि सिव्हिलमधून पुढं. लोक थेट मोठ्या हॉस्पिटलात जाऊन बसतात, डिपॉझिट भरतात आणि मग कार्ड काढून दाखवतात. तोवर केस रोखीची झालेली असते.

खिडकीवर काय विचारायचं? नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलला जा, नाहीतर आणखी कुठं जा. आत शिरल्याबरोबर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, गाठा. मराठी कळलं नाही तर कन्नडात विचारा, "आरोग्य मित्र एल्लिद्दारे?" मग तीन प्रश्न. हृदयाच्या विभागाला योजना आज चालू आहे का? आपल्याला सांगितलेला उपचार, म्हणजे ॲन्जिओप्लास्टी, बायपास की व्हॉल्व्ह, त्या पॅकेजमध्ये बसतो का? नुसती ॲन्जिओग्राफी करून स्टेंट लागला नाही, तर बिल कुणी भरायचं? ही उत्तरं मिळाल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका. बीपीएलच्या पॅकेजमध्ये स्टेंट, औषधं, खाट, जेवण सगळं धरलेलं असतं. कुणी "चांगल्या स्टेंटचे वेगळे द्या" म्हणालं तर पावती मागा, आरोग्यमित्राला सांगा आणि 14555 ला फोन लावा. मंजुरी आली का, हे रोज विचारा. ओपीडीची फी आणि बाहेरच्या चाचण्या मात्र योजनेत येत नाहीत, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

सीमेपलीकडची वाट. निपाणीकरांना कोल्हापूर 40 किलोमीटरच्या आसपास, बेळगाव त्याहून लांब. कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, हृदयावर उपचार होतात. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी माणसांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटक सरकारनं त्याला विरोध केला. दोन सरकारांच्या या ओढाताणीत पेशंटला अडकवू नका. निघायच्या आधी 155388 वर किंवा हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला फोन करून आपले कागद चालतात का, ते विचारा, मगच गाडी काढा.

आणि आता उलटा मंत्र. वर सांगितलं ते सगळं सवडीनं करायचं. पण छातीच्या मधोमध दाब येतोय, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात उतरतंय, दरदरून घाम फुटलाय, दम लागतोय, तर कार्ड शोधत बसू नका. गॅस झाला म्हणून सोडा पाजू नका. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. 108 ला फोन करा आणि जवळ जिथं ईसीजी निघतो तिथं पोचा. इमर्जन्सीला रेफरल लागत नाही. कागद मागून घरचं माणूस आणून देईल. अभिनेते पुनीत राजकुमार 2021 मध्ये अवघ्या 46 व्या वर्षी हृदयविकारानं गेले. त्यांच्या नावानं कर्नाटकानं हृदय ज्योती योजना काढली. निवडक तालुका आणि जिल्हा रुग्णालयांत ईसीजी काढून तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांना पाठवतात आणि रक्ताची गाठ विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथंच फुकट देतात. बायकांना आणि शुगरवाल्यांना पुष्कळदा छातीत कळ येतच नाही, नुसती मळमळ आणि थकवा. त्यांचं दुखणं हलक्यात घेऊ नका.

घरी आल्यावर. डिस्चार्ज कार्ड आणि ॲन्जिओग्राफीची सीडी एका पिशवीत ठेवा. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून कुणी बंद करू नये. डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा नाही. गोळ्या महाग पडल्या तर जन औषधी दुकानात त्याच औषधाचं नाव दाखवा.

आपल्या गल्लीत माग चालवणारा, गवंडीकाम करणारा माणूस दुखणं अंगावर काढतो, कारण त्याला खर्चाची भीती वाटते. ती भीती घालवणारी योजना आहे, फक्त तिची वाट आधी पाहून ठेवावी लागते. येत्या रविवारी घरातली रेशन कार्डं आणि आधार कार्डं काढा आणि एकेक नाव ताडून बघा. शेजारच्या घरात वाचून दाखवणारं कुणी नसेल, तर त्यांचीही बघून द्या.