चित्रकला येत नाही? तरीही फॅशन फिगर काढता येते!



टेलरिंग किंवा बुटीक सुरू करणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "मॅडम, मला साधं चित्र काढता येत नाही, मग डिझाइन कसं दाखवू?"

तुम्हाला चित्रकार व्हायचं नाहीये. गिऱ्हाइकाच्या मनातला ड्रेस कापडाला कात्री लागायच्या आधी कागदावर यायला हवा, एवढंच. एकदा कटिंग झालं, की "मी असा गळा सांगितलाच नव्हता" याला आपल्याकडे उत्तर नसतं. कापड भरून द्यावं लागतं आणि गिऱ्हाईकही तुटतं.

व्हिडिओत हात कसा चालतो ते दिसतं. मापं मात्र इथे लिहून देतेय. ए-फोर कागद, पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर घ्या.

९ डोक्यांचं गणित

खऱ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट असते. फॅशन फिगर सहसा ९ डोक्यांची काढतात. वाढीव उंची मुख्यतः पायांत जाते, त्यामुळे कपडा उठून दिसतो.

१. कागदाच्या मधोमध २७ सेंमीची उभी रेघ मारा. दर ३ सेंमीवर खूण करा. वर ०, खाली ९.

२. ० ते १ मध्ये अंड्यासारखं डोकं, रुंदी २ सेंमी. नाक-डोळे काढत बसू नका.

३. दीडवर खांदे, ४ सेंमी रुंद. २ वर छाती. ३ वर कंबर, अडीच सेंमी. ४ वर सीट, जवळपास खांद्याएवढी.

४. ६ वर गुडघे, साडेआठवर घोटे, ९ वर पावलांची टोकं.

५. हात सरळ खाली सोडा. कोपर कंबरेच्या रेषेत, मनगट सीटच्या रेषेत.

आता खुणा आधी सरळ रेघांनी जोडा, मग हलक्या हाताने गोलाई द्या.

एकदाच काढा, रोज वापरा

ही फिगर काळ्या पेनने गिरवून ठेवा आणि तिच्या फिकट झेरॉक्स काढा. गिऱ्हाईक समोर बसलं, की त्यावर फक्त ड्रेस काढायचा: आधी गळा, मग खांदा, बाही, कंबर, घेर आणि शेवटी उंची. सैल कुर्ता असेल तर रेघ अंगापासून थोडी लांब ठेवा. चुण्या जिथून सुरू होतात तिथूनच दाखवा. ब्लाउज असेल तर मागच्या गळ्यासाठी दुसरी फिगर हवीच.

इथे फसगत होते

फिगरचे पाय खऱ्यापेक्षा लांब असतात. म्हणून कुर्त्याची उंची चित्रावरून ठरवू नका. टेप गिऱ्हाइकाच्या अंगाला लावून दाखवा आणि उंची, बाही, गळ्याची खोली इंचात चित्राशेजारी लिहा. अस्तर, पायपिंग, चेन कुठे, तेही लिहा. मग गिऱ्हाइकाची सही घ्या, कापडाचा छोटा तुकडा टाचा आणि कागद बिलाच्या कॉपीला जोडा. कटिंग करणारा कारागीर दुसरा असला तरी त्याला हाच कागद पुरतो.

आजचा गृहपाठ: एका फिगरवर ब्लाउज, एकीवर कुर्ता आणि एकीवर घेरदार फ्रॉक काढा. मग घरातल्या कुणाला तरी फक्त कागद दाखवून विचारा, "हा ड्रेस कसा शिवायचाय?" त्यांनी बरोबर सांगितलं, तर तुमचं चित्र धंद्यासाठी तयार आहे!